मदत हवी आहे : मुलांना आरोग्याची उत्तरं पाठ आहेत, पण उपयोग होत नाही. काय करावं?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणीकडच्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वर्ग आठवीपर्यंत, गावात कोलाम, गोंड आणि कुणबी वस्ती. शाळेत एकही शिक्षिका नाही.

"रक्तक्षय म्हणजे काय?" असं विचारलं की आमची मुलं धडाधड उत्तर देतात. पण पोषण आहारानंतर दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या हापशीच्या नालीत सापडतात. जिभेखाली धरायची, वरून पाणी प्यायचं आणि बाहेर जाऊन थुंकायची. सातवीतल्या एका पोराला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "सर, गोयी खाल्ली का मयमय होते, अन् संडास कायी होते. बाबा म्हणते आतून जयून राह्यलं."

त्याच्या बापाची भीती मला समजते. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. न शोषलेल्या लोहाने शौच काळी होते, त्यात धोका काही नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नाही. गोळी का घ्यायची हे सगळे सांगतात, घेतल्यावर काय होईल हे कुणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आमच्या सहावीच्या मुली उद्या त्याच वयात जाणार, म्हणून जीव तुटतो.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणारा रक्तपेशींचा आजार. तपासणी झाली, कार्डं मिळाली. आई ते कार्ड रेशन कार्डासोबत पन्नीत गुंडाळून पेटीत ठेवते. त्यावर 'एएस' लिहिलंय की 'एसएस', याने काय फरक पडतो, हे ना तिला माहीत ना पोरीला. "सांगू नका सर, लग्न जमणार नाही," एवढंच ऐकायला मिळतं. या मुलांना निळी गोळी द्यायची की नाही, हा माझा सगळ्यात तातडीचा प्रश्न आहे.

आणि पाळीबद्दल मुलींशी कुणी बोलायचं? आम्ही वर्गात आलो की त्या माना खाली घालतात. खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, तर वेगळाच धागा काढावा लागेल. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, आणि पानठेला आमच्या फाटकातून दिसतो.

प्रतिसाद 1
सर, मी गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स आहे. आधी तातडीचं. एएस म्हणजे वाहक, त्यांना गोळी चालते. एसएस म्हणजे रुग्ण, त्यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नका. त्यांच्या रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे लोह कमी असेलच असं नाही. त्यांना फॉलिक अ‍ॅसिड वेगळं मिळतं. यादी प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या, पण वर्गात वाचू नका. रुग्ण मुलांना पाणी भरपूर प्यायला सांगा. ताप, छातीत दुखणं किंवा अंग फार ठणकणं असेल तर थांबू नका, दवाखान्यात पाठवा.

आठवीला हे शिकवताना दोन वाट्या घ्या, आई आणि बाप. दोघंही वाहक, म्हणून प्रत्येक वाटीत एक तुरीचा (सिकलसेलचा) आणि एक हरभऱ्याचा (निरोगी) दाणा. डोळे मिटून दोन्हीतून एकेक उचलायचा, नोंद करायची, परत टाकायचा. दोन्ही तुरीचे आले तर मूल रुग्ण. पुष्कळदा केलं की साधारण चारातून एकदा तसं येतं. दोघांनी लग्नाआधी कार्ड का बघायचं, ते पोरं स्वतःच बोलतात.

गोळी जेवणानंतरच द्या, तासभर चहा नको. आमच्याकडे पोरं कोरा चहा पिऊनच शाळेत येतात. पानावर लिंबाची फोड असली तर लोह चांगलं शोषलं जातं.

प्रतिसाद 2
मेळघाटातली शिक्षिका आहे. पाळीसाठी आशाताईंना बोलवा आणि तेवढा वेळ तुम्ही वर्गाबाहेर राहा. पहिल्या वेळी भाषण नको, पॅड हातात द्या, उघडून बघू द्या, वापरलेलं कुठे टाकायचं ते शाळेतच दाखवा. मोठ्या मुलींच्या खाजगी शंकांसाठी ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक असतं का, विचारा. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, 10 ते 19 वयासाठी. मुलग्यांनाही एक तास वेगळा द्या, त्यांच्याशी तर कुणीच बोलत नाही.

धागाकर्ता
दोघींचेही मनापासून आभार. यादी उद्याच मागतो, आणि येत्या पालकसभेत काळ्या शौचेपासूनच सुरुवात करतो. एक राहिलं. आमची कोलाम मुलं घरी कोलामी बोलतात, आणि त्यांच्या आयांना मराठी जेमतेम कळते. गोळी आणि सिकलसेलबद्दल कुणाकडे कोलामीतलं ध्वनिमुद्रण आहे का? नसेल तर पांढरकवडा-मारेगाव भागातलं कुणी बोलून पाठवू शकेल का? दोन-तीन मिनिटांचं चालेल, सभेत मोबाईलवर लावता येईल.