मदत हवी आहे: जर्मनीला शिकायला जाताना सामानात काय भरावं?

नमस्कार मंडळी,
लेक ऑक्टोबरच्या सत्रासाठी ड्रेस्डेनला निघाली आहे. तिकिटावर २३ किलोची एकच बॅग आणि ८ किलोची केबिन बॅग आहे. मूळ कागदपत्रं, औषधं, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच, एवढं पक्कं.

घोळ आहे तो खाण्यापिण्याचा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आजीनं कढवलेलं तूप आणि पेढे बाद. तिला फार वाईट वाटलं. गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी मात्र द्यायचीच आहे. घरी केलेलं डबल पिशवीत बांधून चालतं, की दुकानातली सीलबंद पाकिटंच बरी?

कुकरचं काय करावं? घरातला ३ लिटरचा ॲल्युमिनियमचा आहे. वसतिगृहात इंडक्शन शेगडी असली तर तो तापणारच नाही. स्टीलचा इथूनच घ्यावा का?

जाड जॅकेट तिकडेच घ्यावं असं माझं मत. पण तोवरचे सुरुवातीचे दिवस कशावर काढायचे?

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी कृपया सांगा, नेलेल्यातलं काय नुसतंच पडून राहिलं? वजन तिथेच वाचेल.