महिला फुटबॉल संघाच्या पानावरचे 'सामने' आणि 'गोल' हे रकाने काढावेत का?

मैदानाबाहेरून: मराठी विकिपीडियावर भारतीय महिला संघाच्या पानात खेळाडूंपुढे हे दोन रकाने ठेवूच नयेत. सामना झाला की कुणीतरी येतं, गोल करणारीचा आकडा वाढवतं आणि निघून जातं. वरची 'अमुक तारखेपर्यंत' ही ओळ तशीच राहते. पुढचा ती जुनी तारीख बघून तोच सामना आकड्यात परत धरतो. बाकावर बसून राहिलेलीच्या नावावरही सामना चढतो. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरी जागा बरी.

पेठेतला_गोली: अजिबात पटलं नाही. रकाने काढले की उरते नुसती नावांची यादी. मुलींच्या फुटबॉलबद्दल मराठीत आधीच दोन ओळी मिळायची मारामार! दोष अर्धवट संपादनाचा आहे. सुरुवातीच्या अकरा जणी आणि प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या बदली खेळाडू, सगळ्यांचे आकडे एकदमच बदलून पान जतन करा, तारीखही तेव्हाच बदला. संपादन सारांशात, म्हणजे काय बदललं ते सांगायच्या ओळीत, लिहा, 'थायलंड सामना, ५ जुलै २०२५ पर्यंत'. पानाचा इतिहास, म्हणजे जुन्या बदलांची यादी, उघडला की पुढच्याला कळतं कुठवर मोजलंय.

मैदानाबाहेरून: मोजायचं कुणाच्या हिशेबानं? २० जानेवारी २०२२ घ्या. आशियाई चषक, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, भारत-इराण ०-०. मग आपल्या छावणीत कोरोना पसरला, २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध संघच उभा राहिला नाही. भारताने माघार घेतली असं धरून इराणचा निकालही रद्द झाला. आता हा सामना खेळाडूच्या खात्यात धरायचा की नाही?

पेठेतला_गोली: गटाच्या तक्त्यात धरायचा नाही, सामन्यांच्या यादीत ठेवायचा. नव्वद मिनिटं खेळल्या त्या. '०-०, निकाल नंतर रद्द' अशी तळटीप द्या. खेळाडूंचे आकडे मात्र एकाच स्रोतातून, एकाच तारखेचे घ्या. दोन ठिकाणचे आकडे जोडून तिसरा बनवला की तो कुणालाच पडताळता येत नाही.

साचा_दुरुस्ती: तुमचा वाद चालू द्या, पण मोठी घाण पुरुष संघाच्या पानावरून साचा, म्हणजे तयार तक्ता टिपांसकट, उचलल्यामुळे होते. आशियाई खेळांत पुरुषांना वयाची अट असते, महिलांना नाही. 'हे २३ वर्षांखालील सामने' ही टीप इकडे चिकटवली की वरिष्ठ संघाचे खरे सामनेच गायब होतात. दुसरं, 'भारत २०२६ च्या आशियाई चषकाला पहिल्यांदाच पात्र' असं लिहितात. भारत १९८३ मध्ये उपविजेता होता, २०२२ मध्ये यजमान होता! चियांग माईत थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून जागा मिळाली ती पहिल्यांदा. 'पात्रता फेरीतून' हे दोन शब्द गाळले की वाक्य खोटं. आणि गोलांच्या यादीत नुसतं 'देवी' लिहू नका. मणिपूरच्या कितीतरी मुलींच्या नावात देवी असतं. बाला देवी, आशालता देवी, असं पूर्ण लिहा.

मैदानाबाहेरून: 'देवी'चं मान्य. रकाने राहणारच असतील, तर बिनतारखेचा आकडा दिसला की मी उडवणार.

पेठेतला_गोली: उडवू नका. इतिहासात तारीख आणि आकडे जुळणारी शेवटची आवृत्ती शोधा, रकाने तिथवर मागे न्या आणि तिथून एकेक सामना पुढे मोजत या.