अवघड दिवसांत देवाने कुणाच्या हाताने धीर दिला? आपापले अनुभव लिहा

तुळसवृंदावन
काल दादरला उतरले. पुलावर पन्नाशीचा एक माणूस, काखेत एक्सरेचं मोठं पाकीट, "ताई, गाडगे महाराज धर्मशाळा कुठल्या अंगाला?" म्हणून विचारत होता. पूर्वेला, चला, म्हटलं आणि दारापर्यंत सोडून आले. परत येताना पायात बळ नव्हतं. २०१४ ला असंच पाकीट माझ्या काखेत होतं.

यांची टाटाला केमो चालू होती. तिसऱ्या डोसनंतर घोटभर पाणीसुद्धा टिकेना. त्या रात्री धर्मशाळेच्या जिन्यात बसून मी पांडुरंगाशी भांडले, नाही नाही ते बोलले. शेजारच्या खाटेवरच्या परभणीकडच्या आजी मागे येऊन बसल्या. त्यांचा नऊ वर्षांचा नातू आत झोपलेला, डोक्यावर एक केस नाही. त्यांनी मला समजावलं वगैरे काही नाही. माझी वेणी सोडली, ओंजळभर खोबरेल तेल डोक्यात जिरवलं आणि बोटांच्या लयीत हळूहळू हरिपाठ म्हणत राहिल्या. मी रडायला लागले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भांड बाई. माउली म्हणतो ना त्याला, मग आईशीच भांडणार माणूस."

हे पुढच्या चैत्रात गेले. पण त्या रात्रीपासून मला एकटं वाटलं नाही. महिन्यातून एका शनिवारी तिथे जाते, पिशवीत तेलाची बाटली असते. तुम्हीही लिहा. छोटं असलं तरी चालेल.

दिवेघाट
तेलाचं वाचून आई आठवली. कामावर आहे, रात्री लिहितो

केडगावची_लेक
आम्ही ख्रिस्ती आहोत, तरी लिहिते. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेली पोर. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले होते, म्हणून त्या मुलींची भूक त्यांना सांगावी लागली नाही. आमच्या घरात हे लहानपणापासून ऐकलंय.
माझं बाळ आठ महिन्यांचं होऊन गेलं. लोक म्हणत, देवाची इच्छा. मला ते ऐकवत नसे. चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी रोज चारला यायच्या, कपड्यांच्या घड्या घालून जायच्या. बाळाची झबली घडी करताना त्यांचेही हात थांबायचे. पंधरा दिवसांनी कळलं, त्यांचंही पहिलं बाळ असंच गेलेलं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीलाच आहे, देव आपलं सांत्वन करतो ते आपल्याला दुसऱ्याचं करता यावं म्हणून. ते वचन मला पाठ होतं, पण कळलं त्या झबल्यांपाशी. आता चारला मी जाते, जिच्याकडे जायला लागेल तिच्याकडे.

सुगरण७१
अगं लेकी विचारायचं काय त्यात!! डोळे भरून आले. आणि माझं माहेर चौफुल्याचं, म्हणजे तू शेजारीणच की 😊

केडगावची_लेक
काय सांगता! चौफुल्याला बोरमलनाथाच्या देवळाकडे की हायवेला?

सुगरण७१
देवळाकडेच. कुकर लावून येते मग बोलू

दिवेघाट
घरी आलो. २०१४ च्या गारपिटीत आमची डाळिंबाची बाग गेली. अर्धा तास. पानं नाहीत, फळं नाहीत, नुसत्या काड्या. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. काय विचार येत होते ते इथे लिहीत नाही. आषाढीला बायकोने पिशवी भरून दिली, म्हणाली जाऊन या. सासवडनंतर पाऊस लागला, मी प्लास्टिक पांघरून मागे मागे चाललेलो. दिंडीतले विणेकरी बाबा माझ्यासाठी मागे राहिले. वीणा माझ्या गळ्यात घातली, म्हणाले, "जरा धर, मला तंबाखू मळायचीय." वाल्ह्यापर्यंत परत घेतलीच नाही. वीणा खाली ठेवता येत नाही हो, ती उभीच लागते. तिला धरून मीही उभा राहिलो. त्यांची स्वतःची द्राक्षं गेली होती, हे मुक्कामात दुसऱ्याने सांगितलं.
आता आमच्या भागात कुणाचं पीक गेलं की त्या घरी जाऊन बसतो. उपदेश नाही. चहा होईपर्यंत बसायचं, मग दुसरा होईपर्यंत.

सिस्टर_वॉर्ड४
२०२०, वारी नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तो दिवस, ३० जून. माझ्या वॉर्डात एक माळकरी आजोबा ऑक्सिजनवर. ३१ वर्षांची वारी चुकली म्हणून डोळ्याला धार. किटमध्ये मी कोण ते त्यांना दिसेना. मी वाकून पाया पडले, वारीत पडतात तशी, "माउली". त्यांनी थरथरत माझ्या पायाकडे हात नेला. रबरी बुटांना. मी महिनाभर मुलीला जवळ घेतलं नव्हतं, त्या क्षणी कुणीतरी मलाच जवळ घेतलं असं झालं. ड्युटी आहे, एवढंच

एकटा_जीव
सगळ्यांचं वाचलं. मला असा धीर मिळाला नाही अजून. भाऊ जाऊन सात महिने झाले. देवघरात दिवा लावतो आणि उठतो.

तुळसवृंदावन
दादा, दिवा लावताय ना, तेवढं पुरे आत्ता. नंबर व्यनित (खासगी निरोपात) पाठवलाय. रात्री दोन वाजता केला तरी उचलते, मी जागीच असते.

दिवेघाट
माझाही पाठवला. कुठले आपण?

एकटा_जीव
बारामती

दिवेघाट
मग रविवारी येतो. चहा ठेवा

सुगरण७१
कुकर झाला 🙏 तुळस, या शनिवारी मीही येते धर्मशाळेत. भाकऱ्या-ठेचा आणू का?

तुळसवृंदावन
ये गं. ठेचा नको, केमोने तोंड आलेलं असतं. मुगाची खिचडी कर, गुरगुटी, मीठ बेताचं. किती लागेल ते उद्या तिथे विचारून सांगते. साडेदहाला पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी.

सुगरण७१
बरं. तेल मी आणते, घाण्याचं आहे घरचं.