बॉईज ब्रिगेड आधीची, स्काऊट नंतरचे

कुणीतरी म्हटलंय की चर्चवाल्यांनी स्काऊटची नक्कल करून बॉईज ब्रिगेड ही मुलांची ख्रिस्ती संघटना काढली. उलट आहे हो! ब्रिगेड स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ४ ऑक्टोबर १८८३ला सुरू झाली, स्काऊट त्यानंतर जवळपास पाव शतकाने.

संस्थापक विल्यम स्मिथ चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचा आणि हौशी पलटणीत अधिकारीही होता. शाळेत पोरं दंगा करायची, जरा मोठी झाली की यायचीच बंद. तेव्हा त्याने पलटणीतली कवायत चर्चच्या हॉलमध्ये आणली. गणवेशही गरिबाला परवडेल असा: अंगावरचे रोजचेच कपडे, त्यावर छोटी गोल टोपी, पट्टा आणि पांढरी झोळी. झालं!

रचनाही लष्करी. प्रत्येक कंपनी (म्हणजे तुकडी) एखाद्या चर्चशी जोडलेली, तिच्यावर कॅप्टन, हाताखाली लेफ्टनंट. शहरातल्या कंपन्या मिळून बटालियन. सुरुवातीला कवायतीला खोट्या बंदुका असत. ते न पटणाऱ्यांनी १८९९मध्ये बॉईज लाईफ ब्रिगेड काढली; तिथे बंदुकीऐवजी जीव वाचवण्याची कवायत. १९२६मध्ये दोन्ही एक झाल्या आणि जुन्या चिन्हातल्या नांगरामागे लाईफ ब्रिगेडचा क्रूस आला. (नांगर म्हणजे जहाजाचा बरं का, शेतातला नव्हे.)

स्काऊटचा संस्थापक बेडन-पॉवेल तर ब्रिगेडचा उपाध्यक्षच होता. १९०७च्या ब्राउनसी बेटावरच्या त्याच्या पहिल्या शिबिरात बड्या घरच्या मुलांबरोबर बोर्नमथ आणि पूलच्या ब्रिगेडमधली पोरं होती. आता नक्कल कुणी कुणाची केली ते तुम्हीच बघा.