शब्दचर्चा : केबलच्या करारातलं 'इंटरकनेक्शन'

तळटीप :
केबलचालकांच्या एका संघटनेसाठी एमएसओबरोबरच्या (मल्टी सिस्टम ऑपरेटर, म्हणजे वाहिन्यांकडून सिग्नल घेऊन तो केबलचालकांना देणारी कंपनी) कराराचा मराठी मजकूर तयार करते आहे. करार ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१७ च्या विनियमांना धरून आहे. पहिल्याच ओळीत अडले. 'इंटरकनेक्शन'ला काय म्हणू? अंतर्जोडणी, आंतरजोडणी आणि परस्परजोडणी असे तीन शब्द मनात आहेत. एका मित्राने 'अंतःसंयोजन' सुचवलं, पण संयोजन म्हटलं की मला स्मरणिका, गुलाबपुष्प आणि प्रास्ताविक आठवतं. मजकूर वाचणारी माणसं रोज खांबावर चढणारी आहेत, त्यांना कळायला हवं आणि कोर्टातही टिकायला हवं.

पाटीपेन्सिल :
'अंतर्जोडणी' अजिबात नको. अंतर्गत, अंतर्मुख, अंतर्वस्त्र या सगळ्यांत 'आत' आहे. अंतर्जोडणी म्हटल्यावर भिंतीतलं वायरिंग डोळ्यांपुढे येतं. दोघांच्या मधलं सांगायचं तर आपल्याकडे 'आंतर' रुळलेला आहे: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय. संस्कृतचे जाणकार म्हणतील की 'आंतर'चा अर्थही 'आतला'च. म्हणोत. मराठीने ही वाटणी कधीच करून टाकली आहे आणि ती सोयीची आहे.

'परस्परजोडणी'त वेगळीच मेख आहे. मराठीत 'परस्पर' म्हणजे एकमेकांना, तसंच 'न विचारता' सुद्धा. 'त्याने जमीन परस्पर विकली.' शेजाऱ्याच्या मीटरवरून तार ओढली तर ती झाली परस्पर जोडणी! करार करून घेतलेल्या गोष्टीला हे नाव द्यायचं?

नाशिकचा केबलवाला :
नमस्कार. मी या धंद्यात कॅसेट लावून पिक्चर दाखवायचे तेव्हापासून आहे. आमच्यात यातला एकही शब्द कुणी बोलत नाही. आम्ही 'फीड' म्हणतो. 'कुणाची फीड घेतली?' 'फीड कापली.' एमएसओचा सिग्नल जिथून निघतो त्या हेडएंडला आम्ही कंट्रोल रूम म्हणतो. आंतरजोडणी म्हणजे माझ्या डोक्यात ग्राहकाच्या घरातलं कनेक्शनच आलं, खोटं कशाला बोलू.

तळटीप :
दादा, तुमच्या डोक्यात ते आलं यात नवल नाही. नळजोडणी, वीजजोडणी, गॅसजोडणी, सगळीकडे 'जोडणी' म्हणजे ग्राहक आणि पुरवठादार यांच्यातली. इथे मात्र दोन्ही टोकांना धंदेवाईकच आहेत. ग्राहक चित्रात नाहीच, तो शेवटी येतो.

जुना जेटीओ :
टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. हा शब्द मुळात आमच्याकडचा. दोन कंपन्यांची एक्स्चेंज एकमेकांना जोडायची, म्हणजे इकडचा ग्राहक तिकडच्याशी बोलू शकेल. जिथे जोडतात त्या जागेला आम्ही 'पीओआय' म्हणायचो. तिथे दोन एमबीच्या लिंक असायच्या, एका लिंकवर एका वेळी तीस बोलणी. लिंक कमी पडल्या की कॉल तुंबायचे. हजारात पाचांहून जास्त कॉल पीओआयवर अडता कामा नयेत असा ट्रायचा दंडक होता. २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली तेव्हा याच लिंकवरून रण पेटलं. जिओचं म्हणणं, आम्हाला पुरेशा लिंक देत नाहीत. बाकीच्यांचं म्हणणं, तुमच्या फुकट कॉलांचा लोंढा आमच्यावर येतोय. त्या ऑक्टोबरात ट्रायने एअरटेल आणि व्होडाफोनला प्रत्येकी १,०५० कोटी आणि आयडियाला ९५० कोटी रुपये दंड करावा अशी शिफारस केली. सर्कलमागे, म्हणजे सेवाक्षेत्रामागे, पन्नास कोटी असा तो हिशेब होता.

आता शब्दाकडे येतो. फोनमध्ये कॉल दोन्हीकडून येतात-जातात, तेव्हा 'परस्पर' तिथे अर्थाने तरी बसतो. केबलमध्ये काय येतं-जातं? सिग्नल वरून खाली येतो आणि पैसा खालून वर जातो. नाशिककरांच्या ग्राहकाला वाहिनीच्या ग्राहकाशी बोलायचं नसतं. म्हणजे फोनवाल्यांचा शब्द केबलला लावला आहे, आणि तो लागला कसा ते वकीलमंडळींनी सांगावं.

कज्जेदलाल :
सांगतो. ट्रायचा कायदा १९९७ चा. निरनिराळ्या सेवापुरवठादारांमध्ये परिणामकारक इंटरकनेक्शन राहील हे पाहणं आणि त्यांच्यातल्या उत्पन्नाच्या वाटणीचं नियमन करणं, ही कामं त्याच्या कलम ११ मध्येच आहेत. त्यात तेव्हा वाहिन्या नव्हत्या. ९ जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने प्रसारण आणि केबल या सेवा 'दूरसंचार सेवा' या व्याख्येत आणल्या. झालं, फोनसाठी शिवलेला अंगरखा केबलच्या अंगावर चढला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केबलचे पहिले इंटरकनेक्शन विनियम आले. ट्रायला हा अधिकार आहे का, यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला ट्रायच्या बाजूने निकाल लागला.

तळटीपताई, व्याख्या नीट वाचा. तिचा मथितार्थ असा: ज्या व्यापारी आणि तांत्रिक व्यवस्थेखाली सेवापुरवठादार आपापली उपकरणं, जाळी आणि सेवा जोडतात, आणि त्यामुळे एकाच्या ग्राहकांना दुसऱ्याचे ग्राहक, सेवा किंवा जाळी उपलब्ध होतात, ती व्यवस्था. 'व्यापारी' हा शब्द तिथे आधी आहे. तार ओढलेली आहे, सिग्नलही येतो आहे, पण लेखी करार नाही, तर कायद्याच्या लेखी ती धड आंतरजोडणी नव्हे. जोडणी हा शब्द तारेकडे पाहतो, कायदा व्यवहाराकडे.

नाशिकचा केबलवाला :
हे पटलं. डिजिटलच्या आधी सगळं तोंडीच होतं. किती घरं आहेत ते आम्ही सांगायचं, त्याला 'डिक्लेरेशन' म्हणत. आम्ही शंभर सांगायचो, ते तीनशे धरायचे, दीडशेवर तुटायचं. आमच्याकडे मार्च २०१३ ला सेट टॉप बॉक्सची मुदत आली. बॉक्स आला तसा आकडा लपेना आणि करारही कागदावर आले. इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे फुली मारून.

पाटीपेन्सिल :
मग मी 'आंतरजोडणी' असंच लिहीन, पण व्याख्येच्या कलमात पहिल्याच वाक्यात 'म्हणजे ज्या व्यापारी व तांत्रिक व्यवस्थेखाली' हे ठळक येऊ द्यावं आणि कंसाबाहेर, साध्या वाक्यात, 'बोलीभाषेत फीड' असंही. कायद्याच्या मजकुरात बोली शब्द लिहू नयेत हा नियम कुणी केला कोण जाणे.

कज्जेदलाल :
व्याख्येत 'बोलीभाषेत' नको, पुढे वाद घालणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं. प्रस्तावनेत घाला. आणि शीर्षकात 'नियम' लिहिलं असेल तर ते 'विनियम' करा. नियम केंद्र सरकार करतं, कलम ३५ खाली. ट्राय विनियम करतं, कलम ३६ खाली. वर्तमानपत्रं दोन्हीला 'ट्रायचे नियम' म्हणतात ते चालतं, करारात चालत नाही.

तळटीप :
केलं. पुढचा खडा 'टर्मिनेशन चार्ज'. हा केबलच्या करारात नाही, पण संघटनेच्या माहितीपत्रकात फोनचं उदाहरण आहे, तिथे आधीच्या भाषांतरकाराने 'समाप्ती शुल्क' केलं आहे.

जुना जेटीओ :
अरे देवा. समाप्ती शुल्क म्हणजे कनेक्शन बंद करताना भरायचे पैसे वाटतील. कॉल टर्मिनेट होणं म्हणजे संपणं नव्हे, ज्याला लावला त्याच्या फोनवर जाऊन थडकणं. रेल्वेचं टर्मिनस असतं तसं. मे २००३ पासून 'लावेल तो भरेल' ही पद्धत आली आणि येणारे कॉल फुकट झाले. तेव्हापासून ज्याच्या ग्राहकाने फोन लावला ती कंपनी, ज्याच्या ग्राहकाला लागला त्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे देई. मोबाइलवरून मोबाइलवर हा दर २००९ मध्ये वीस पैसे, २०१५ मध्ये चौदा, ऑक्टोबर २०१७ पासून सहा पैसे झाला, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

या सहा पैशांनी २०१९ मध्ये मोठी गंमत केली. काही कंपन्यांवर आरोप झाला की त्यांनी रिंग वाजण्याची वेळच कमी केली. समोरचा उचलेपर्यंत कॉल तुटायचा, मिस्ड कॉल दिसायचा, आणि तो माणूस उलट फोन करायचा. म्हणजे देणेकरी एका मिनिटात घेणेकरी! शेवटी त्या नोव्हेंबरात ट्रायला ठरवून द्यावं लागलं की मोबाइलवर तीस सेकंद आणि लँडलाइनवर साठ सेकंद रिंग वाजलीच पाहिजे. आता हे सगळं 'समाप्ती शुल्क' म्हणून समजावून दाखवा पाहू कुणाला.

पाटीपेन्सिल :
'पोहोच शुल्क' म्हणा. कुणी म्हणेल पोहोच म्हणजे पावती, 'रक्कम पोहोचली, पोहोच द्यावी'. तरी समाप्तीपेक्षा बरं. शिवाय त्याच करारात कराराची समाप्तीही असते, एकाच पानावर एक शब्द दोन अर्थांनी वावरायला नको.

खरं तर मराठीला मजुरीचे शब्द घडवायची फार सुंदर सोय आहे. दळायची दळणावळ, छापायची छापणावळ, लिहायची लिहिणावळ. त्याच चालीवर कॉल पोचवायची 'पोचवणावळ' आणि वाहिनी वाहून नेण्याची, ज्याला कॅरेज फी म्हणतात, तिची 'वाहणावळ'.

नाशिकचा केबलवाला :
वाहणावळ झकास! ताई, हेच लिहा. आमच्यात नुसतं 'कॅरेज' म्हणतात. पण कॅरेज आम्हाला मिळत नाही हो, ते एमएसओला. वाहिनीवाला त्याला पैसे भरतो, आपली वाहिनी दिसावी म्हणून. मराठीतल्या छोट्या वाहिन्यांचा दम याच पैशात निघायचा.

कज्जेदलाल :
म्हणूनच २०१७ च्या विनियमांत त्याला कमाल मर्यादा घातली: साध्या वाहिनीला ग्राहकामागे तेव्हा महिन्याला वीस पैसे, एचडीला चाळीस. आणि एमएसओच्या वीस टक्के ग्राहकांनी ती वाहिनी घेतली की शून्य. जेटीओसाहेब, तुमच्या 'पैसा खालून वर जातो' याला हा अपवाद. इथे सिग्नल आणि पैसा दोन्ही एकाच दिशेने उतरतात.

वाहणावळ मलाही आवडला, लेख लिहिताना वापरेन. करारात 'वहन शुल्क' ठेवा. गोड शब्दांवर टीडीसॅटमध्ये, म्हणजे दूरसंचाराच्या तंटे लवादात, युक्तिवाद करताना मला संकोच होतो.

पाटीपेन्सिल :
संकोच तुमचा, शब्दाचा काय दोष? पण असो. ताई, 'बुके'चं काय केलंत? पुष्पगुच्छ तर नाही ना?

तळटीप :
नाही! सुट्या वाहिन्या आणि वाहिन्यांचे गट. 'सुटी' मला हवंच होतं, भाजीबाजारात मेथी सुटी मिळत नाही, जुडीच घ्यावी लागते, तशी या धंद्यात वर्षानुवर्षं गत होती. 'जुडी' लिहिण्याचा मोह आवरला.

आता खरा घोळ. विनियमांत एक 'मॉडेल' करार आहे आणि एक 'स्टँडर्ड' करार आहे. दोन्हीला मी 'नमुना करार' करून बसले होते.

कज्जेदलाल :
वेगळे करा, त्यावर पोट अवलंबून आहे. मॉडेल करारात एमएसओ आणि केबलचालक यांना चौकटीत राहून बोलणी करता येतात, कलमं बदलता येतात. बोलणी फिसकटली तर स्टँडर्ड करार, त्यात फेरफार नाही. पहिल्याला 'नमुना करार', दुसऱ्याला 'प्रमाण करार'. कुणी 'आदर्श करार' सुचवेल, आदर्श आचारसंहितेच्या चालीवर. ऐकू नका. आदर्श म्हटलं की तोच उत्तम, त्याला हात लावायचा नाही असं वाटतं, आणि इथे हात लावायची मुभा नेमकी त्यालाच आहे.

नाशिकचा केबलवाला :
हे मला आज कळलं. आम्हाला दोन्ही कागद सारखेच दिसायचे. ५५-४५ ची वाटणी कुठल्यात?

कज्जेदलाल :
प्रमाण करारात. नेटवर्क कपॅसिटी फीमध्ये, म्हणजे ग्राहक जाळ्याच्या वापरासाठी महिन्याला भरतो त्या रकमेत, एमएसओला ५५ टक्के, तुम्हाला ४५. नमुना करारात तुम्ही बोलणी करून दुसरं काही ठरवू शकता. आणि ताई, तिथे 'महसुलाची विभागणी' नको, महसूल म्हटला की तलाठी येतो. 'उत्पन्नाची वाटणी' पुरे.

तळटीप :
'रेफरन्स इंटरकनेक्ट ऑफर'? 'संदर्भ आंतरजोडणी प्रस्ताव' असं केलं आहे.

पाटीपेन्सिल :
संदर्भ कसला? संदर्भग्रंथ वाटतो. वाहिनीवाल्याने आपल्या अटी आणि दर आधीच जाहीर करून ठेवायचे, कुणीही यावं आणि त्या अटींवर सही करावी, असा तो कागद. 'जाहीर प्रस्ताव' म्हणा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं करता येऊ नये म्हणून तर तो जाहीर करायला लावतात.

नाशिकचा केबलवाला :
प्रस्ताव म्हटलं की नको म्हणायची सोय असावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये बघितलं ना. नव्या दरांच्या आरआयओवर, म्हणजे याच जाहीर प्रस्तावावर, काही एमएसओंनी सह्या केल्या नाहीत, तर मोठ्या वाहिन्या काही दिवस बंद. लोकांचे फोन आम्हाला. एमएसओचा नंबर कुणाकडे असतो? दारात आम्हीच.

कज्जेदलाल :
कायद्याने तो प्रस्तावच आहे, दादा, नाकारता येतो. नाकारलात तर काय होतं हे कायदा सांगत नाही, ग्राहक सांगतो. उलट बाजूने वाहिनीवाल्यालाही बंधन आहे: मागेल त्या वितरकाला भेदभाव न करता सिग्नल द्यायचा, ते २००४ पासूनचं. त्याला 'मस्ट प्रोव्हाइड' म्हणतात, 'पुरवठ्याचं बंधन' करा. दुसरं 'मस्ट कॅरी', मागेल त्या वाहिनीला एमएसओने वाहून न्यायचं, ते 'वहनाचं बंधन', क्षमता शिल्लक असेल तर.

तळटीप :
शेवटचं. डिस्कनेक्शनला 'खंडित करणे' केलं आहे, आणि नोटिशीची मुदत '२१ दिवस'.

नाशिकचा केबलवाला :
'बंद करणे' लिहा ना. खंडित वीज होते, ती परत येते. आमची फीड बंद होते.

कज्जेदलाल :
'बंद करणे' चालेल, नेमकं आहे. आणि २१ दिवस कशाला, मूळ विनियमांत 'तीन आठवडे' आहे, तेच ठेवा. आकडा बदलला की पहिला दिवस धरायचा की नाही यावर एक सुनावणी जाते. नोटिशीत कारण लिहिलेलं असलं पाहिजे, ते वाक्य मात्र सुटू देऊ नका. तुमच्या मसुद्यात मला ते दिसलं नाही.