मदत हवी आहे : वेग वाढवला की आउटबोर्ड इंजिन तापतंय

नमस्कार मंडळी. माझ्या छोट्या बोटीला ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन) आहे. आयडलिंगला कितीही वेळ ठेवलं तरी काही होत नाही, पण थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की ५-७ मिनिटांत इंजिन तापल्याचा बझर वाजतो. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार पूर्वी चांगली जोरात लांब जायची. आता नुसती खाली गळते, आणि हात धरवत नाही इतकी गरम.

वॉटर पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) बदलून झाला. जुन्याचं एक पातं मुळापासून तुटलेलं होतं आणि तो रबराचा तुकडा हाउसिंगमध्ये कुठेच सापडला नाही. मला खटकतंय ते हेच. तो वरच्या पाइपात गेला असेल का? धारेच्या नळीत बारीक तार घातली, थोडं मीठ निघालं, फरक शून्य. थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून पाणी सोडणारी झडप) गरम पाण्यात टाकून पाहिला, व्यवस्थित उघडतो.

आता थर्मोस्टॅटच्या जागेतून उलटं पाणी सोडून पाहू, की सरळ इंजिनमधल्या पाण्याच्या मार्गावरचं कव्हर उघडू? कव्हरचे बोल्ट खाऱ्या पाण्याने पार धरलेत, तुटतील अशी भीती वाटते. असे बोल्ट कुणी न तोडता सोडवले असतील तर कसे, ते कृपया सविस्तर सांगा. तोवर बोट पाण्यात घालत नाही.