क्षयरुग्णाच्या घरातील सर्वांना शिधा द्यावा का?

मानखुर्दवासी : क्षयरुग्णाच्या पोषणासाठी सरकार २०१८पासून त्याच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा करत असे, आणि नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम १००० रुपये झाली. माझ्या मते या रकमेपेक्षा रुग्णासह एकाच खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाला उपचार चालू असेपर्यंत शिधा देणे अधिक उपयोगी ठरेल. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासात काही घरांत केवळ रुग्णाला, तर काही घरांत इतर सदस्यांनाही दरमहा प्रत्येकी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे क्षयरोगाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. इतका साधा उपाय हाती असताना आपण कशाची वाट पाहत आहोत?

नाका कामगार : आपला हेतू योग्य आहे, रोख रक्कम बंद करण्याला मात्र माझा विरोध आहे. ज्याचा रोज बुडतो, त्याला दवाखान्यात जाण्याचे भाडे आणि खोलीचे भाडे डाळीने भागवता येत नाही. शिवाय आजारी पडलेला स्थलांतरित मजूर बहुधा गावाकडे परततो; बँकेचे खाते त्याच्याबरोबर जाते, शिधा मात्र मुंबईतच राहतो.

वास्तुविशारद : आपण दोघेही घराच्या आतच पाहत आहात. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तेथील खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, आणि याचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या २०१८मधील पाहणीत दिसले. नियमांत सवलती देऊन अशा इमारती उभ्या करायच्या आणि मग आत कोंडलेल्यांना तांदूळ वाटायचा, हे मला पटत नाही.

मानखुर्दवासी : इमारतींविषयी आपण म्हणता ते खरेच आहे, पण त्या पाडून पुन्हा बांधायला किती वर्षे जातील, आणि तोवर तेथील मुलांनी काय करायचे? रोख रकमेचा मुद्दा मला मान्य आहे. ती राहू द्यावी आणि शिधा तिच्या जोडीला द्यावा. कुटुंबीयांना पोषण आहार देण्याचे सरकारनेही २०२४मध्ये जाहीर केले, परंतु तो निक्षय मित्रांच्या, म्हणजे देणगीदारांच्या, इच्छेवर सोपवला. रोगनियंत्रणाचा भाग असलेली गोष्ट दानावर चालू नये.

निवृत्त औषधनिर्माता : प्रतिबंधक गोळ्यांचा येथे कोणीच उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटते. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांची आठवड्यातून एक मात्रा, अशा बारा मात्रांत रुग्णाच्या सहवासातील व्यक्तीचा प्रतिबंधक उपचार पूर्ण होतो. अर्थात तिला सक्रिय क्षयरोग नाही याची आधी खात्री करावी लागते. शिध्यावर खर्च करण्याआधी हा उपचार प्रत्येक घरात पोहोचवावा.

मानखुर्दवासी : धडधाकट माणूस आजार नसताना तीन महिने गोळ्या घेण्यास सहज तयार होत नाही, हे आपणही पाहिले असेल. शिधा देण्यासाठी कार्यकर्ती दरमहा दारात आली, तर त्याच भेटीत खोकल्याची चौकशी होईल, वजन घेता येईल आणि गोळ्यांचीही आठवण करून देता येईल.

नाका कामगार : त्या भेटीसाठी कार्यकर्तीला वेगळा मोबदला मिळणार असेल, तर माझा विरोध मागे घेतो.